डाव्या घोड्याची स्प्रिंग

अप्पा म्हणायचे, पुण्यात बंदुकीचं
सगळ्यात भिकार दुकान शिकलगारांचं.
बोहरी आळीच्या मागे, तीन पायऱ्या चढून.
एक स्प्रिंग द्यायला अकरा महिने घेतले माणसानं!
लग्नात सांगायचे, एसटीत सांगायचे,
वेल्ह्याच्या बाजारात मिरच्या निवडता निवडता
अनोळखी माणसाला सांगायचे.

म्हणून ते गेल्यावर, ठाण्यातून निरोप आला
की दुनळी दुकानात जमा करा,
तेव्हा मी आधी बाणेरला गेले.
काचेचं दार. आत गारवा. भिंतीवर
जीप, मावळता सूर्य, गॉगल घातलेला माणूस.
"सोबत कोणी जेंट्स?" पोरानं विचारलं.
मी म्हटलं, बंदूक आहे.
नळीत न बघताच म्हणाला, भंगार, चार हजार देतो.
त्यापेक्षा हे बघा, छऱ्याचं पिस्तूल, हुबेहूब खऱ्यासारखं,
नातवाला द्या, कव्हर फुकट.
मला नातू नाही.

मग रिक्षा. पर्समध्ये ठाण्याचं पत्र,
मांडीवर सोलापुरी चादरीत गुंडाळलेले अप्पांचे हात
असं काहीतरी वाटत राहिलं सिग्नलला.

शिकलगारांच्या काचेला तडा, त्यावर चिकटपट्टी.
गल्ल्याशेजारी पाटी: आधी बंदूक उघडा, मग तोंड.
बाबालालचाचा ऐंशीच्या घरात.
नाव विचारलं नाही, बसा म्हटलं नाही,
खटका दाबून दुनळी मोडली,
दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या,
मग माझ्याकडे दिली. तुम्हीही बघा.
दोन लांब काळे बोगदे, आणि टोकाला
रविवार पेठेच्या दोन गोल दुपारी.
"रिकामी आहे ना? आता बसा."

एवढ्यात एकजण आला, दंडावर वाघ गोंदलेला,
परवाना कोरा करकरीत.
"चाचा, धाक बसेल असं काहीतरी दाखवा."
"धाक संपलाय," चाचा म्हणाले, "पुढच्या महिन्यात विचार."
जाताना त्यानं शिवी दिली.
आवक नोंदवावी तशी चाचांनी ती मान हलवून घेतली.

काडतुसं मोजली, नऊ. माझ्याकडून पुन्हा मोजून घेतली.
एकाला ओल धरलेली, ते वेगळं ठेवलं.
मग परवान्यावरचं नाव वाचलं. मार्तंड धुमाळ.
"डावा घोडा," ते म्हणाले.

मी तयारच होते. म्हटलं, अकरा महिने लागले तुम्हाला.
त्यांनी उत्तर दिलं नाही. स्टूल ओढलं,
फडताळातून एक रजिस्टर काढलं, फुंकर मारली.
अठ्ठ्याऐंशीचा जुलै. आई जाऊन
पंधरा दिवसही झाले नव्हते.

धुमाळ, वेल्हे. साफसफाईस दिली. बिघाड: नाही.
गिऱ्हाईक बोलताना बंदुकीकडे बघतं, आपल्याकडे नाही.
डाव्या घोड्याची स्प्रिंग काढून ठेवली. उजव्याचीही.
ऑगस्ट: आले. माल मुंबईहून यायचाय सांगितलं.
ऑक्टोबर: आले. चिडले.
जानेवारी: आले. चहा घेतला नाही.
एप्रिल: आले. शिव्या दिल्या, खणखणीत. बरं वाटलं.
मे: आले. मुलीच्या दहावीचं बोलत बसले.
बंदुकीचं विचारायचं विसरले.
जून: दोन्ही स्प्रिंगा बसवल्या. मजुरी: नाही.

त्या वर्षी मला सत्तर टक्के मिळाले होते.
अप्पांनी पेढे कुठे कुठे वाटले
ते मला आज कळलं.

पंखा फिरत होता. तेलाचा वास.
चाचांनी कार्बन घातला, पावती लिहिली:
दुनळी एक, काडतुसं आठ, ओलं एक,
भाडं महिना दीडशे.
"जास्त होतंय," मी म्हटलं,
आणि तो आवाज अप्पांचा निघाला.
"कमी होणार नाही," चाचा म्हणाले,
पावती फाडून माझ्यापुढे सरकवत,
"परवडत नसेल तर चार लोकांना सांगा."