राखखोकला

बर्फ ढकलायची गाडी डेपोत लावून
मी घरी येते तेव्हा सकाळचे सात.
केमीत जानेवारीतली पहाट म्हणजे
कुणीतरी उठवलेली अफवा.
मोजे हीटरवर टाकते,
काळ्या पावावर लोणी फासते
आणि तळावर परतते.

तळावर पाच तंबू.
ओरिन्या खोकते आहे.

दलदलीतल्या देवळात मीच पाठवलं तिला,
कुलपाला तिच्याइतकी हलकी बोटं कुणाची नव्हती.
तेव्हापासून तिच्या उशीवर रोज
चिमूटभर राख.
बळ उणे दोन. नेम उणे चार.
पहिल्या रात्री म्हटलं, एवढंच ना.
दुसऱ्या रात्री ब्रोख खोकला,
तोच ब्रोख, जो ऐरण खांद्यावर टाकून डोंगर चढतो.

मग मी वही काढली,
डेपोचीच, पुढच्या पानांवर डिझेलचा हिशेब असलेली.
कोण कुणाशेजारी झोपलं, कोण कुणाच्या कपातून प्यालं,
सात पानांचा काढा कुणाला, किती थेंब,
वारा फिरला तर शेकोटी कुठे सरकवायची.
तिचा तंबू दूर नेला. भांडं वेगळं केलं.
तरी टिसला लागण झाली,
आणि टिस तर नदीपलीकडे पहाऱ्यावर होता.

इर्याला फोन लावला. ती हा खेळ दोनदा संपवून बसलेली.
"अगं, ते अंतरावर नसतंच," ती म्हणाली,
"ते जिव्हाळ्यावर असतं.
ज्याचा साठच्या वर, त्याला होणार.
सराईत सोडून दे तिला. सगळे तेच करतात.
सराईवाला महिन्याला पत्र पाठवतो. चांगली असतात पत्रं."

सराईपर्यंत गेले मी. दारात उभी राहिले.
ओरिन्या म्हणाली, ती नेहमी म्हणते तेच:
"पुढे तू हो, मागचं मी बघते."
परत फिरले.

उरलं काय, तर भांडणं लावणं.
तीन आठवडे मी चहाड्या केल्या.
ब्रोखला सांगितलं, तुझी हातोडी तिने विकली.
हाल्वर म्हाताऱ्याला सांगितलं, ती तुझ्या चालण्याची नक्कल करते.
(करायची ती. हाल्वरच सगळ्यात जास्त हसायचा.)
म्होरक्या वागेल तसा तळ वागतो,
म्हणून तिने आणलेला मध
सगळ्यांदेखत मातीत ओतला.
बटणावर अंगठा किती वेळ अधांतरी राहिला
त्याची नोंद खेळ ठेवत नाही.
एक्याऐंशी. चौसष्ट. एकेचाळीस.
ब्रोखचा खोकला थांबला. टिसचा थांबला.
मग एका रात्री पाचवा तंबू तिनेच उचलला,
मी न सांगता, आणि पार कड्याशी नेला.
हिरव्या अक्षरांत उमटलं: लागण शून्य.

मिठागरांच्या बेटावर वैदू भेटली.
चाळीस मोहरा घेतल्या, फुंकर घातली,
राख उडाली.
बळ आलं, नेम आला.
जिव्हाळा: बारा.

त्या रात्री शेकोटीशी बोलायला गेले तिच्याशी.
वाक्य बदललं होतं.
"काही काम होतं का?"

देवळाच्या दाराआधीची जुनी नोंद आहे माझ्याकडे.
एक कळ दाबली की कुलूप पुन्हा बंद,
ओरिन्या पुन्हा हसरी,
आणि हे सगळं मी केलं, हे फक्त मला ठाऊक.
दोनदा तिथवर गेले. माझ्याकडूनच झालं नाही.

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू.
इर्या विचारते, पुढे सरकलीस का?
नाही गं, बेटावरच आहे. मध विकत घेतेय.
एका बरणीला एक आकडा,
दिवसाला एकच बरणी चालते.

आज सतरा.
आज ब्रोखने न बोलता
तिच्या शेकोटीत एक लाकूड सारलं.
वहीत टिपून ठेवलं,
डिझेलच्या खाली, तारीख घालून.