झाकलेली मूठ

क्वेत, तू फोनवर विचारलंस, किती वेळा झाली सोनोग्राफी.
खरा आकडा सांगते, रागावू नकोस.
दहा.
नऊ तर सहावा महिना सरायच्या आतच.

बाजारामागच्या खासगी दवाखान्यात
मासळीच्या टोपल्या ओलांडून जावं लागतं.
बाकावर माझ्यासारख्याच बायका, मांडीवर हेल्मेट,
कुणाची पाचवी खेप, कुणाची चौदावी,
आकडा सांगताना कुणी लाजत नाही,
उलट जिचा कमी, तीच जरा मान खाली घालते.
गारढोण जेल, करडं धुकं, धुक्यात धडधडणारा ठिपका,
मग डॉक्टर कागद फाडून देतो
पावती फाडावी तसा.

न्हानताई, सरकारी केंद्रातली सुईण,
माझी वही चाळून म्हणाली,
"सगळं नीट आहे, थोआ. तीन पुरल्या असत्या.
जास्त बघितलं म्हणून काही जास्त नीट होत नाही.
यंत्र बघतं. राखत नाही."
मग वहीवर पेन टेकवून थांबली.
"आणि एवढं विचारतंय कोण? तू?"

मी नाही, हे तिला सांगितलं नाही.
तुला सांगते.

दर पंधरवड्याला पहाटे,
खांबावरचा भोंगा बातम्या सुरू करायच्या आत,
चहाच्या पेल्याखाली नोटा सापडायच्या
चार घड्या घातलेल्या,
बदकांची अंडी विकून आलेल्या, वासासकट.
तुझे बाबा तोवर बंधाऱ्याकडे निघून गेलेले.
संध्याकाळी एकच शब्द: "बोटं?"
"दहा."
"पायाची?"
"दहा."
मग ते तंबाखूची नळी भरायला घेत,
पण त्याआधी अंगठ्यानं स्वतःची बोटं मोजत,
माझं लक्ष नाही असं समजून.

केळींच्या मागे तो वीतभर उंचीचा ओटा आहे ना,
जिथं आई दर तेतला उदबत्ती लावायची,
तो तुझ्या आधीचा.
त्याचं नावच ठेवलं नव्हतं.
शेजारच्या काकूनं सांगितलं, भात पाखडता पाखडता,
सूप न थांबवता.
बाबांनी दक्षिणेत एका रानात दोन पावसाळे काढले,
ऐन पावसाळ्यात झाडांना पान नव्हतं.
एवढंच ते बोललेत, जन्मात एकदा, तेही पिऊन.

तेव्हा ही यंत्रं नव्हती.
असती तरी
मला हे वाक्य पुरं करता येत नाही.

म्हणून आकडा मीच ठरवला.
घरात निश्चय नावाचा माणूस आहे,
पण तो तैवानात स्क्रू आवळतोय.
नोटा परत पेल्याखाली सरकवल्या आणि म्हटलं,
आता बत्तिसाव्या आठवड्यात एकदाच.
पण तुम्ही चला.

काल गेलो.
आपल्या लग्नातला पांढरा सदरा घातला त्यांनी,
स्कूटरवर मागं बसले, मला नाही, सीटला धरून.
डॉक्टरनं पडदा त्यांच्याकडे वळवला.
नाक. गुडघा. काकडीच्या बियांसारखा कणा.
आणि हात आला तो मिटलेला.
डॉक्टरनं पोटावर टिचक्या मारल्या, कूस बदलायला लावली,
म्हणाला, मूठ काही उघडत नाही,
गोड खाऊन चालून या जरा, पुन्हा बघू.

बाबा उठले, चष्मा काढून पडद्याजवळ गेले.
किती वेळ, कुणास ठाऊक.
बाहेर बाक भरलेला होता.
"नको," म्हणाले. "झाकलेली राहू दे.
काही धरलं असेल पोरानं."

फोटो पाठवत नाहीये, हात धूसर आलाय.
पहिले दोन कागद तर दमटपणानं
आताच कोरे व्हायला लागलेत.

आज पहाटे पेल्याखाली काही नव्हतं.
पेला होता, चहा होता, वाफ होती,
आणि समोर, बंधाऱ्याकडे न जाता,
बाबा बसलेले होते.