फुली

ईलठणपाड्यात, धरणाकडे चढणाऱ्या शेवटच्या गल्लीत,
एका निळ्या पत्र्याच्या दारावर
माझ्याच हातच्या पाच फुल्या आहेत.
सगळ्यात जुनी मार्चमधली, खडूची, जवळजवळ पुसलेली.
नकार म्हणजे फुली.
मीटिंगमध्ये साहेब विचारतात, या घराचं काय?
मी म्हणते, गैरसमज आहे.
रजिस्टरात तेवढाच रकाना आहे.

पहिल्यांदा पत्रक दिलं, हसऱ्या बाळाचं.
सुंदरानं त्यात भाकरी गुंडाळून
नवऱ्याला रबाळ्याला कामावर धाडलं.
मग डॉक्टर मॅडमना नेलं. त्या छान बोलल्या, फार छान.
सुंदरा मान हलवत राहिली
आणि आमची पाठ वळताच कडी लागली.
मग कोणीतरी म्हणालं, रेशन बंद होईल म्हणून सांगा.
तेही मी सांगितलं.
ती गल्ली चढताना अजून पोटऱ्या भरून येतात,
चढ तेवढा नाहीये.

काल खडू न घेता गेले.
तहान लागली होती, खरोखरच.
उंबऱ्यावर बसले, तिनं तांब्या दिला,
आणि पाण्यावरून पाण्याचंच रडगाणं निघालं,
टँकरचं, दोन हंड्यांचं, वरच्या आळीतल्या भांडणाचं.
मधेच थोरल्या पूनमनं बाही वर सारली.
दंडावर रुपयाएवढा खड्डा.

"हे तुमच्या सुईचं," सुंदरा म्हणाली.
"गाठ आली, पिकली. तीन रात्री ताप.
ह्यांचे तीन खाडे. कळव्याला नेऊन चिरावी लागली.
तेव्हा कुणी आलं होतं?"

उत्तर मला पाठ आहे:
असं क्वचितच होतं, हजारांत एखाद्याला.
ओठांपर्यंत आलंही.
पण हजारांतली ती एक
समोर बाही धरून उभी होती.

म्हटलं, नाही. कुणी आलं नाही.
यायला हवं होतं.

बराच वेळ कुणीच बोललं नाही.
धाकटा तांब्यावर चमचा वाजवत होता,
नऊ महिने उलटलेले, गोवराचा डोस राहिलेला.
"खालच्या गल्लीत दोघांना पुरळ उठलंय म्हणे,"
हे तीच म्हणाली, मी नाही.
मग: "टोचल्यावर दुसऱ्या दिवशी याल?"
येईन.
"तिसऱ्या?"
येईन.
"नंबर द्या तुमचा. साहेबांचा नको."

बुधवारी सत्र आहे.
येते, असं काही ती म्हणालेली नाही.
मी मात्र डायरीत
गुरुवारपुढे तिचं घर लिहून ठेवलंय.
शुक्रवारपुढेही.