चिमटीतली हळद

तीस वर्षं मी हळद पाहिली
ती पोत्यांत.
सांगलीच्या यार्डात, आडतीच्या ओट्यावर
हळकुंड मोडायचं, मोडतानाचा आवाज ऐकायचा,
आतलं केशरी नखानं खरवडायचं
आणि पावतीवर आकडा टाकायचा.
कानात हळद, भुवयांत हळद, पँटच्या शिवणीत हळद.
पण आमटीत किती घालायची
हे विचारायची वेळ
एकसष्टाव्या वर्षी आली,

शालन मोरीत घसरली तेव्हा.
मिरजेचे डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर.
म्हणजे बेचाळीस दिवस,
दोन वेळचे धरून चौऱ्याऐंशी स्वयंपाक.
हिशोबाची सवय. दुसरं काय.

ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची,
उजवा हात गळ्यात, डावा हवेत.
"चिमूटभर."
कुणाची चिमूट?
"तुमची नको. माझी."

पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली.
दोन भेगा दोन बाजूंनी आल्या,
मध्ये भेटल्या
आणि एक होऊन काठाकडे गेल्या.
उलथन्यावर धरून तिला दाखवली :
"हे बघ हरिपूर. ही कृष्णा, ही वारणा."
"आणि हे काळं?"
"चिंचांच्या सावल्या."
संगम आम्ही अर्धा अर्धा खाल्ला
लसणीच्या चटणीबरोबर.

दूध तीनदा उतू गेलं.
तिसऱ्यांदा तर गॅस बंद करायचा सोडून
मी बघतच राहिलो :
साय आधी नुसती थरथरते,
मग पोट फुगवते,
मग सगळ्या बाजूंनी एकदम उठते,
झोपेतलं पोर पांघरुणासकट उठावं तशी.
हे रोज घरात चालायचं
आणि मला फक्त चहा दिसायचा.

सोळाव्या दिवशी डबा पडला.
हळदीचाच.
दत्तू कोळेकरनं यार्डातून निवडून आणलेली, दळून आणलेली,
अर्धा किलो तरी असेल.
झाकण एकीकडे, डबा एकीकडे,
ओट्यावर, कळशीवर, फरशीवर
माझ्या उभ्या नोकरीचा माल.
एक पिवळा ढग उठला
आणि खिडकीतल्या उन्हात जाऊन थांबला.
दोघंही काही बोललो नाही.
शिंकलो फक्त.

मग मी शहाणपण केलं.
बादलीत कपड्यांची पावडर कालवली
आणि दिली ओतून.

पिवळं लाल झालं.
जास्वंद चुरडल्यासारखं, ओलं लाल.
बारीक बारीक ओघळ मोरीकडे निघाले,
सिलेंडरला वळसा घालून
पलीकडे पुन्हा भेटले.
मला वाटलं, पाय कापला.
तळवा उचलून बघतो तर कुठं काय.

शालन हसली.
घसरल्यापासून पहिल्यांदा,
प्लास्टर मांडीवर आपटेल इतकी.
"तीस वर्षं हळदीत काढली
आणि हळदीला साबण लागला की काय होतं
ते ठाऊक नाही?
तुमचे सदरे कोण धूत होतं?"

सदरे.
मी उकिडवा, हातात फडकं.
दर संध्याकाळी आमच्या मोरीत
हे असं लाल वाहत होतं
आणि ती एकटीच बघत होती.

"पुसू नका लगेच," म्हणाली.
खुर्चीवरून पाय खाली सोडला
आणि अंगठ्यानं त्या लालात
एक रेघ ओढली. उगाच.
रेघ मिटेपर्यंत बघत बसली.
शेजारच्या मुल्लाणी वहिनी आवाज ऐकून डोकावल्या :
"काय ओ, काय सांडलं?"
"सौदा चाललाय," शालन म्हणाली. "या, बसा."

त्या दिवशीची आमटी बिनहळदीची.
पांढुरकी, आजारातून उठल्यासारखी.
दोन दोन वाट्या प्यालो.
साध्या पाण्यानं धुतल्यावर फरशी परत पिवळी झाली,
सांध्यांतली तर अजून निघालेली नाही.

प्लास्टर कापताना
मिरजेचा पोरगा विचारत होता,
"मावशी, हे पिवळे ठसे कसले? बोटांचे दिसतात."
"नवा गडी लागलाय स्वयंपाकाला," ती म्हणाली,
"चिमूट अजून जमत नाही त्याला."