कणी

सुटीच्या दिवशी मी मूग भाजते,
ज्वारी, मूठभर तांदूळ, वर चिमटीभर जिरं,
आणि गिरणीवाल्याला बजावते,
आधी मिरची दळली असेल
तर ओंजळभर गहू टाकून गिरणी धुऊन घे.
तो हसतो. कंडक्टरीणबाईचं पीठ आलं, म्हणतो.

स्टीलच्या डब्यात ते दाबून भरते. नऊ दिवस पुरतं.
हिशोब माझा पक्का,
दारव्हा ते नेर रोज चार फेऱ्या
आणि सुट्ट्या पैशांसकट जमा.
हिचा बाप हिंगणघाटला जिनिंगवर, पंधरा दिवसांनी येतो.
पहाटे पाचला निघताना
झाकण एकदा उघडून बघते, परत लावते.
बारा तास मी नसेन,
पण वाटी वाटी करून
मीच जाईन रेणूच्या पोटात, असं वाटतं.

मेडिकलच्या काचेत तो डबा असतो, गुबगुबीत बाळाचा.
मागे एक बाई गाडीत लेकराला त्यातलंच भरवत होती,
मी तिकीट काढून दिलं
आणि मनातल्या मनात जरा ताठ झाले.
खोटं कशाला बोलू.

मग जत्रेच्या जादा गाड्या लागल्या. अकरा दिवस.
रात्री यायचे तेव्हा लेक झोपलेली,
तोंडाला कसलासा गोड वास.
दमलेल्या नाकाला काय, सगळंच गोड.

बाराव्या दिवशी दुपारी घरी होते.
डबा उघडला तर
भरलेला.
नऊ दिवसांचं पीठ, बारावा दिवस, आणि डबा भरलेला.
चिमूट घेतली.
माझ्या पिठाला कणी असते,
एखादा करपल्या ज्वारीचा काळा ठिपका.
हे बोटांवरून तोंडाला लावायच्या पावडरसारखं सरकलं.
व्हॅनिला.

पंचफुलाबाई ओट्यावर अंबाडीची पानं खुडत होती,
रेणू तिच्या मांडीला टेकून देठ चोखत.
मी डबा घेऊन समोर उभी.
तिने वर बघितलंच नाही.
"तुहं मंगळवारीच सरलं होतं.
तुले सांगतलं असतं त रातभर जागून भाजलं असतं तुनं,
आन् दुसऱ्या दिवशी झोपीत गाडीतून पडली असती."

कितीचं आणलं?
"तीनशे दहाचं."
महिन्याचे मी तिला हजार देते.

राग तयार होता माझा, तोंडाशी आलेला.
मध्ये हिशोब आडवा आला.
आणि चुलीच्या राखेत अर्धं जळलेलं पुठ्ठ्याचं टोक दिसलं,
त्यावर बाळाचा एक गाल.
म्हणजे मी पहाटे झाकण उघडते, लावते,
ते ही बाई रोज बघत होती.

बुधवारी अंगणवाडीत वजन.
कापडाच्या झोळीत रेणू लोंबकळली, पाय झाडत, रडून लाल.
सेविकेने कार्डावर ठिपका दिला,
मागच्या ठिपक्याला जोडला. रेघ वर गेलेली.
कुठे माझं पीठ संपलं
आणि कुठे पंचफुलाबाईचं सुरू झालं,
मी कार्ड उजेडात धरून बघितलं.
"काय शोधता बाई?" सेविका म्हणाली.
काही नाही, म्हटलं.

पैसे तिने घेतले नाहीत.
"पोरीनं खाल्लं. म्या का दुकान टाकलं?"
मी तिच्या पानाच्या डब्याखाली ठेवून आले,
तीन नोटा आणि दहाचं नाणं.

या सुटीला पुन्हा भाजलं.
ज्वारी थोडी जास्तच करपली, बोलत बसलो होतो दोघी.
डबा भरताना
वरची चार बोटं जागा सोडली.
पंचफुलाबाईने बघितलं, बोलली नाही.

आज डेपोत रोकड मोजताना
क्लार्कने दोनदा मोजली, मग चष्मा काढला.
तीनशे दहा जास्त येतात बाई,
कोणत्या फेरीचे?