नीरेचा पंप

देगलूरच्या दुकानात सायन्ना
प्रत्येक पंपाला टिचकी मारून कान लावतो,
कलिंगड निवडावं तसा.

घरगुती फिल्टरचा : दम नाही,
पडद्यापाशीच धापा टाकील.
गाड्या धुण्याचा : रेटा असा
की पडदाच टराटरा फाटेल.
फवारणीचा घरी आहे, फुकटात,
पण नीरा वास लगेच धरते.

"विहीर किती फूट?" दुकानदार विचारतो.
"विहीर नाही. शिंदी.
पाणी गाळून काढायचंय,
गोड मागं राहिलं पाहिजे,
ऊन चढायच्या आत."

शेवटी स्टीलच्या डोक्याचा घेतला,
आवाज जाडा, एकसुरी.

पहाटे पोशव्वा दोन्ही नळ्यांना बोट लावते.
एक चिकट.
दुसरीखालचं पाणी ती चुलीवर ठेवते.
"डाळ यात लवकर शिजते," म्हणते.
पंपाबद्दल काहीच नाही.