टिटवी छाप

अक्षराला वीस रुपये, चित्र असेल तर वेगळे,
हा माझा भाव कंधारात सगळ्यांना ठाऊक.
नारबा केंद्रे गोणपाटात काहीतरी गुंडाळून आले.
सोडलं तर परातीएवढी लाकडी ढाल,
रंगाचे पोपडे सुटलेले, कडेनं पितळी दोर,
वर चार सिंहांतले दिसणारे तीन,
खाली निळ्या-पांढऱ्या लाटा
आणि लाटांच्या वर टिटवी, पायाखालचा रंग गेलेला.

"जहाजाचं आहे," म्हणाले. "माझ्या."

आमच्या गावाला समुद्र एकच, जगत्तुंग.
राष्ट्रकूटांनी बांधलेला,
उन्हाळ्यात म्हशीच्या गुडघ्याएवढा.
त्यात कसलं जहाज.

मी टिटवीला दोन्ही पाय काढले,
पक्षी आहे, पडंल म्हणून.
त्यांनी ओल्या रंगातून नखानं एक पाय खरवडला.
"हा उचललेलाच पाहिजे, खय्यूम.
तिचं अजून ठरायचंय,
टेकावा का नाही."

खालच्या पट्टीवर 'पूर्वं शृणु'.
चार अक्षरं, ऐंशी रुपये,
अनुस्वाराचे मी घेत नाही.
आधी ऐक, असा अर्थ आहे म्हणाले,
आणि रंग वाळेपर्यंत सांगत बसले:

सुरुंग गाळात झोपतो, वर्षानुवर्षं.
डोक्यावरून लोखंड गेलं की जागा होतो.
म्हणून जहाज सागवानाचं, हातोडा काशाचा,
आचाऱ्याची सांडशीसुद्धा मोजून आत घेतलेली.
हे खाली, अंधाऱ्या खोलीत, कानाला यंत्र.
पाण्याला टिचकी मारायची
आणि उत्तर येईस्तोवर श्वास धरायचा.
खडकाचं उत्तर वेगळं, माशांच्या थव्याचं वेगळं,
पोकळ लोखंडाचं...
इथं थांबले. बशीतला चहा गार होऊ दिला.

एकदा दोन दिवस बंदर बंद ठेवलं यांच्या कानावर.
सेल्वराज पाणबुड्या खाली गेला
आणि वर आला तो जात्याची तळी घेऊन.
कुणाची तरी बुडालेली होडी, कुणाचा तरी संसार.
सगळं जहाज पोट धरून हसलं.
"आन् दुसऱ्या वेळी?" मी विचारलं.
"दुसऱ्या वेळी जातं नव्हतं," म्हणाले,
आणि लाटेतला एक पांढरा पट्टा वाकडा गेलाय
तो दाखवला.

ढालीखाली एक लांबट पाटी होती.
मोठ्या जहाजांच्या पाटीवर लढायांची नावं असतात.
ह्यांच्यावर दोन सालं,
दाखल झाल्याचं आणि मोडीत गेल्याचं,
मधे हातभर जागा कोरी.
"तिथं काही लिहू नको. पण वॉर्निश नीट लाव."
कोऱ्या जागेचा भाव मला ठरवता येईना.
वॉर्निशचे तेवढे घेतले.

मालनबाईनं ते घरात येऊ दिलं नाही.
टिटवी रात्री ओरडती, दारात मरण आणती,
भिंतीवर कशाला टांगता?
मग ढाल लागली पिठाच्या गिरणीत, मीटरच्या वर.
महिन्याभरात गावानं नाव पाडलं: टिटवी छाप.
लोकांना वाटतं चक्कीच्या कंपनीचा मार्का आहे.
हे कुणाला दुरुस्त करत नाहीत.

परवा मी दळणाच्या रांगेत होतो.
पट्टा फडफडतोय, भिंती थरथरतायत,
शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही
असल्या आवाजात हे डोळे मिटून उभे.
अचानक हात गेला, खटका पडला, पट्टा मंदावत थांबला.
गऊळच्या बाईची ज्वारी होती.
कोपरापर्यंत हात घालून
त्यांनी मळणीयंत्राचा एक नट बाहेर काढला,
बोराएवढा, दगडापासून चार बोटांवर.

धोतराला पुसून ढालीखालच्या फळीवर ठेवला.
तिथं आधीचे होते. मी मोजायला लागलो.

"बघत काय बसलाव," बाई म्हणाली,
"टाका की दळण."